कीबोर्ड कोणी पुसायचा?

आपल्या भागातला शेतकरी अवजारांच्या बाबतीत मोठा शिस्तीचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळले जातात. मळणीच्या हंगामात ट्रॅक्टरचा एअर फिल्टर काढून झटकला जातो, कारण तो चोंदला की इंजिन धापा टाकते हे पोराटोरांनाही ठाऊक असते. खंडेनवमीला विळा, कोयता, वखराची पास धुऊन-पुसून पूजेला मांडली जाते. अलीकडे त्या पूजेत संगणकालाही जागा मिळाली आहे. कार्यालयात, दुकानात, सेतू केंद्रात मॉनिटरला हार घालतात, कीबोर्डवर हळद-कुंकू वाहतात. दुसऱ्या दिवशी फुले काढली जातात, कुंकू मात्र बटणांच्या फटीत वर्षभर राहते. धुणे-पुसणे विसरले आणि तेवढी पूजा उरली.

आज वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा, कुठेही जा. केसपेपर, सातबारा, पीकविमा, रेशन, शाळेचा दाखला, बँकेचे खाते या सगळ्यांच्या वाटेत एक संगणक बसलेला आहे. दिवसभर त्यावर हात पडतात, धूळ बसते, उन्हाळ्यात तो तापतो, पावसाळ्यात दमट होतो. त्याच्या स्वच्छतेचा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे वाचकांना वाटेल. पण या यंत्रावरची घाण तीन वाटांनी माणसापर्यंत येते: हातावाटे, श्वासावाटे, आणि चुकीच्या पद्धतीने साफ करताना होणाऱ्या भाजण्या-पोळण्यातून. डॉक्टर म्हणून या तिन्ही वाटांवरचे रुग्ण मी पाहतो.

बोटांची वर्दळ

रुग्णालयात आम्ही हात धुण्याबद्दल खूप बोलतो. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. तेव्हापासूनचा हा धडा आहे. पण आता डॉक्टर आणि परिचारिका रुग्ण तपासून हात धुतात, आणि मग जाऊन कीबोर्डवर टायपिंग करतात. पुन्हा पुढच्या रुग्णाकडे. हात स्वच्छ झाले, पण मधल्या थांब्यावर काय होते?

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या रुग्णालयात विल्यम रुटाला आणि सहकाऱ्यांनी याचा शोध घेतला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २५ कीबोर्डांचे नमुने घेतले होते. त्वचेवर राहणारे स्टॅफिलोकॉकस जातीचे साधे जंतू पंचवीसच्या पंचवीस कीबोर्डांवर सापडले. काहींवर रुग्णालयात त्रास देणारे जंतूही होते. एका कीबोर्डवर नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला. असे काही जंतू कोरड्या पृष्ठभागावर कित्येक आठवडे, कधी महिनेसुद्धा तग धरतात.

त्याच अभ्यासातला पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वेगवेगळ्या जंतुनाशकांनी कीबोर्ड पुसून पाहिले, तेव्हा सगळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक जंतू हटवले. तुलनेसाठी वापरलेल्या निव्वळ निर्जंतुक पाण्याच्या फडक्यानेही तेवढेच काम केले. म्हणजे अर्धी लढाई औषधाची नसून हाताने घासून पुसण्याची आहे. शिवाय ३०० वेळा पुसूनही बटणे बिघडली नाहीत की अक्षरे उडाली नाहीत. ‘पुसले तर खराब होईल’ ही भीती त्यामुळे बरीचशी निराधार ठरते.

इथे एक तोल सांभाळायला हवा. कोविडच्या काळात आपण भाजीपासून दाराच्या कडीपर्यंत सगळे पुसत होतो. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने सांगितले की, दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने कोविड होण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षाही कमी आहे. तो आजार मुख्यतः हवेतून पसरत होता. म्हणून घरचा लॅपटॉप तासातासाला पुसायची गरज नाही. पण जुलाब, त्वचेचे संसर्ग, जखमेत पू होणे यांचे जंतू हातावाटे फिरतात. जिथे एकाच कीबोर्डवर अनेकांचे हात पडतात आणि समोर आजारी माणूस असतो, त्या वॉर्डात, प्रयोगशाळेत, औषधाच्या खिडकीवर रोजचे पुसणे हवेच.

रुग्णालयात काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. हातमोजे घातलेले असले की आपण सुरक्षित आहोत असे वाटते, आणि रक्ताचे नमुने हाताळलेल्या त्याच मोज्यांनी बटणे दाबली जातात. मोजा आपल्या हाताला वाचवतो, पुढच्या माणसाच्या हाताला नाही. संगणकाला हात लावण्यापूर्वी मोजे काढायचे आणि हात स्वच्छ करायचे.

सोयाबीनची धूळ आणि बार्सिलोना

आपला जिल्हा सोयाबीनचा. सोंगणी झाली, गंज्या लागल्या, मळणीयंत्र सुरू झाले की गावावर कुटाराचा धुराळा उठतो. बाजार समितीत पोती उतरतात, चाळणी होते, तिथेही तेच. या दिवसांत बाह्यरुग्ण विभागात धाप लागलेले, खोकणारे रुग्ण दिसतात, आणि याच दिवसांत बाजारपेठेतल्या दुकानांचे संगणकही ‘हँग’ होऊ लागतात. दोन्हीचे मूळ बऱ्याचदा एकच असते.

सोयाबीनच्या धुळीची एक गोष्ट वैद्यकशास्त्रात प्रसिद्ध आहे. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात दम्याच्या २६ साथी आल्या. एखाद्या दिवशी अचानक अनेक माणसे धापा टाकत दवाखान्यात येत आणि दुसऱ्या दिवशी सगळे शांत होई. दमा संसर्गजन्य नाही, मग साथ कशी? डॉक्टरांनी तारखा जुळवून पाहिल्या, तेव्हा कळले की बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवण्याच्या दिवशीच हे घडते. धान्य साठवायच्या एका उंच कोठाराला धूळ अडवणारी गाळणी नव्हती. सोयाबीनच्या टरफलातली प्रथिने वाऱ्याबरोबर शहरभर पसरत आणि ज्यांना त्यांची ॲलर्जी होती त्यांना दम्याचा झटका येई. हा शोध १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. कोठारावर गाळण्या बसवल्यानंतर साथी थांबल्या.

आता संगणकाकडे पाहू. त्याच्या खोक्यातला पंखा दिवसभर खोलीतली हवा आत ओढतो. प्रोसेसर या मुख्य चिपवर धातूच्या पात्यांची एक जाळी असते. चिपची उष्णता त्या पात्यांत जाते आणि पंख्याची हवा ती बाहेर नेते. पात्यांमध्ये धूळ बसली की तिचा गोधडीसारखा थर होतो आणि उष्णता कोंडते. चिप जळू नये म्हणून संगणक आधी स्वतःची गती कमी करतो आणि तरीही भागले नाही तर बंद पडतो. ‘संगणक स्लो झाला, व्हायरस असेल’ असे आपण म्हणतो. अनेकदा आतून निघतो तो मूठभर धुळीचा नमदा. बहुतेक संगणकांच्या पुस्तिकेत वापरासाठी खोलीचे तापमान साधारण ३५ अंशांपर्यंतच धरलेले असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो. अशा वेळी धुळीने चोंदलेल्या यंत्राकडून काम घेणे म्हणजे भर दुपारी स्वेटर घालून डवरणीला जाण्यासारखे आहे.

पण हे खोके उघडून फुंकर मारणे हा आरोग्याच्या दृष्टीने वाईट उपाय आहे. वर्षभराची धूळ एका क्षणात तोंडावर येते. तिच्यात कुटार, बुरशीचे बीजाणू, झुरळांचे अवशेष, कीटकांची विष्ठा असे सगळे असते. झुरळ हे तर दम्याच्या ज्ञात कारणांपैकी एक आहे. फुंकरीबरोबर थुंकीचा ओलावा आत जातो तो वेगळाच. म्हणून ब्लोअरने धूळ उडवायची असेल तर यंत्र अंगणात किंवा गच्चीवर न्यावे, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे, नाका-तोंडावर मास्क बांधावा. साधा रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क असला तर उत्तम. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या माणसाने हे काम अंगावर घेऊ नये. ब्लोअर मारताना आतला पंखा बोटाने किंवा काडीने धरून ठेवावा. तो जोरात फिरला तर खराब होऊ शकतो.

पुसायचे कशाने?

दुकानात सत्तर टक्क्यांचे आणि नव्याण्णव टक्क्यांचे अशी दोन प्रकारची आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतात. जास्त टक्के म्हणजे जास्त चांगले, असा समज होणे साहजिक आहे. जंतूंच्या बाबतीत उलट आहे. अल्कोहोल जंतूंची प्रथिने गोठवून त्यांना मारते आणि त्या क्रियेला थोडे पाणी लागते. शिवाय नव्याण्णव टक्क्यांचे अल्कोहोल इतक्या झटकन उडून जाते की जंतूंवर काम करायला त्याला वेळच मिळत नाही. म्हणून कीबोर्ड, माऊस, मोबाइलचे कव्हर यांसाठी सत्तर टक्क्यांचे योग्य. नव्याण्णव टक्क्यांचे तंत्रज्ञ वापरतात ते आतल्या सर्किटसाठी, कारण तिथे पाणी नको असते.

हाताला लावायचे सॅनिटायझर कीबोर्डला लावू नये. त्वचा कोरडी पडू नये म्हणून त्यात बहुधा ग्लिसरीन घातलेले असते. ते बटणांवर चिकट थर सोडते आणि त्यावर धूळ आणखी बसते. फरशीचे हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंग पावडरचे पाणीही नको. ते धातू खाते. आणि हे पाणी संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो; बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो.

पुसण्याची रीत सोपी आहे. यंत्र बंद करा, पिन काढा. कीबोर्ड उलटा करून हलकेच थोपटा, बारीक रंगाच्या ब्रशने फटी झाडा. द्रव यंत्रावर न शिंपडता फडक्यावर घ्या. फडके ओलसर हवे, निथळणारे नको. एकाच दिशेने पुसत जा, फडक्याची बाजू बदलत राहा आणि वाळेपर्यंत पिन लावू नका. मॉनिटरच्या पडद्यावर अनेकदा चकाकी कमी करणारा नाजूक थर असतो. पुस्तिकेत परवानगी नसेल तर तिथे अल्कोहोल टाळून किंचित ओलसर मऊ कापडच वापरावे.

अल्कोहोल पेट घेते, हे विसरू नका. खोलीच्या तापमानालाही त्याची पेटणारी वाफ तयार होते आणि ज्योत इतकी फिकट निळी असते की उजेडात दिसतही नाही. खंडेनवमीला संगणक अल्कोहोलने पुसून लगेच समोर निरांजन लावणे धोक्याचे आहे. आधी पुसा, दारे-खिडक्या उघडा, सगळे पूर्ण वाळू द्या आणि दिवा यंत्रापासून दूर ठेवा.

वीज, बॅटरी आणि काळी पूड

भारनियमनामुळे आपल्याकडे संगणकाच्या जोडीला इन्व्हर्टर किंवा यूपीएस असतोच. इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन हा ज्वलनशील वायू निघतो. ती हवेशीर जागी ठेवावी आणि पाण्याची पातळी पाहायला काडी किंवा लायटर पेटवू नये, टॉर्च वापरावा. आतले द्रव म्हणजे गंधकाम्ल. ते अंगावर किंवा डोळ्यात उडाले तर लगेच वाहत्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे धुवावे आणि मग दवाखान्यात यावे. हळद, चुना, टूथपेस्ट काहीही लावू नये. डोळ्याच्या बाबतीत तर पहिली पाच मिनिटेच बऱ्याचदा दृष्टीचे भवितव्य ठरवतात. पाण्याआधी गाडी शोधू नये.

यूपीएस आणि संगणकाचा पॉवर सप्लाय ही दोन खोकी घरी उघडायची नाहीत. पिन काढल्यावरही त्यांच्यातल्या काही भागांत धक्का देण्याइतकी वीज शिल्लक राहू शकते. लॅपटॉपची किंवा मोबाइलची बॅटरी फुगलेली दिसली तर ती दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. सेवा केंद्रात द्यावी. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याचा उद्योग कुठे घरगुती पातळीवर चालत असेल, तर आजूबाजूच्या लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. खराब झालेले यंत्र भंगारात फोडायला न देता अधिकृत संकलनाकडे देणे हाही देखभालीचाच भाग आहे.

झेरॉक्स आणि लेझर प्रिंटरमधली काळी पूड म्हणजे टोनर. प्लास्टिकचे हे अतिशय बारीक कण असतात आणि प्रिंटर ते उष्णतेने कागदावर वितळवून चिकटवतो. म्हणूनच हाताला किंवा कपड्याला टोनर लागला तर थंड पाण्याने धुवावा. गरम पाण्याने तो अधिकच पक्का बसतो. सांडलेला टोनर झाडूने झाडू नये आणि घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये, कारण तो गाळणीतून आरपार जाऊन हवेत पसरतो. ओलसर फडक्याने टिपून घ्यावा. आणि एक सवय सोडा: थुंकी लावून कागद मोजण्याची. ते बोट नोटेवरून, कागदावरून, कीबोर्डवरून पुन्हा जिभेकडे जाते. पाण्यात भिजवलेला स्पंज टेबलावर ठेवला की काम भागते.

न उमटणारा अंगठा

रेशन दुकानात, बँक मित्राकडे, सेतू केंद्रात अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र असते. त्याच्या काचेवर आधीच्या शंभर माणसांचा घाम, तेल आणि माती असते. नवा ठसा त्या चिखलावर उमटतो आणि यंत्र ‘जुळत नाही’ म्हणते. समोर सत्तरीची आजी असेल तर तिला उद्या या म्हणून सांगितले जाते. एका दिवसाची मजुरी किंवा एसटीचे भाडे वाया जाते. दिवसातून तीन-चारदा मऊ कोरड्या कापडाने ती काच पुसली, तर यातल्या काही फेऱ्या नक्की वाचतील.

काही वेळा दोष बोटाचाही असतो, पण तो त्या माणसाचा अपराध नाही. निंदणी, सोंगणी, सिमेंट, धुणीभांडी यांनी बोटांच्या रेषा झिजतात आणि वयानुसार त्वचा कोरडी, पातळ होते. अशांनी रात्री हात धुऊन बोटांना व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल चोळावे. सकाळी ठसा देण्याआधी हात धुऊन, पुसून, किंचित ओलसर ठेवावेत. बोटांना भेगा, खाज, पाणी असेल तर ते इसब असू शकते. त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांना दाखवा. आधारच्या पडताळणीत डोळ्याच्या बुबुळाची आणि मोबाइलवरच्या ओटीपीची सोयही असते. ठसा उमटत नसेल तर ती विचारून घ्यावी.

पावसाळ्यातले पाहुणे

९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचा मार्क-टू हा संगणक बंद पडला. शोधता शोधता त्याच्या एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. तंत्रज्ञांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत लावून ठेवला. ती वही आजही जपलेली आहे. यंत्रातल्या दोषाला ‘बग’ म्हणण्याची पद्धत त्याआधीपासून होती, पण खराखुरा किडा मिळाल्याची ती गाजलेली नोंद.

आपल्याकडे पतंगासोबत पाल, मुंग्या, झुरळे आणि उंदीरही असतात. पावसाळ्यात बाहेर गारठा असतो आणि संगणकाचे खोके उबदार. टेबलावर चहा-बिस्किटे असतील तर आमंत्रणच. उंदीर वायर कुरतडतात, शिवाय त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार पसरतो. टेबलामागे उंदराच्या लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नयेत. यंत्राची पिन काढून, हातमोजे घालून, आधी जंतुनाशक पाण्याने त्या भिजवाव्यात आणि मग कागदाने उचलाव्यात. खोक्याच्या मागची रिकामी झडप उघडी ठेवू नये. पावसाळ्यात यंत्र अनेक दिवस बंद ठेवण्यापेक्षा मधूनमधून सुरू करावे. आतल्या उबेने ओल सुटते.

काम कोणाचे?

बहुतेक कार्यालयांत दृश्य सारखे असते. सफाई करणाऱ्या ताईंना ‘संगणकाला हात लावू नका’ असे बजावलेले असते. ऑपरेटर म्हणतो, पुसणे हे माझे काम नाही. दुरुस्तीचा तंत्रज्ञ यंत्र बंद पडल्यावरच येतो. फरशी दिवसातून दोनदा पुसली जाते, पण फरशीपेक्षा कितीतरी अधिक हात जिथे पडतात ती जागा कोणाच्याच यादीत नसते. महागड्या रसायनांपेक्षा इथे गरज आहे ती एका नावाची आणि एका कागदाची. भिंतीवर तक्ता लावा. कोणी, कधी पुसले त्याची सही घ्या:

• रोज: कीबोर्ड, माऊस आणि ठशाचे यंत्र पुसणे. रुग्णालयात प्रत्येक पाळीला एकदा, आणि डाग पडला की लगेच.

• आठवड्याला: मॉनिटर, वायरी, टेबलाची मागची बाजू, खोक्याच्या हवेच्या जाळ्या ब्रशने झाडणे.

• महिन्याला: इन्व्हर्टरच्या बॅटरीची पातळी, सैल पिना, कुरतडलेल्या किंवा गरम लागणाऱ्या वायरी तपासणे.

• वर्षातून दोनदा: जाणत्या माणसाकडून खोके उघडून आतली धूळ काढणे. एकदा उन्हाळा लागण्यापूर्वी आणि एकदा सोयाबीनची मळणी आटोपल्यावर.

जे पुसणार आहेत त्यांना पिन काढायला शिकवा, मास्क द्या, फडके द्या. त्या ताईंचे हात आणि फुप्फुसेही आपल्याइतकीच मोलाची आहेत. वर्षाचा खर्च काढला तर एका अल्कोहोलच्या बाटलीचा, दोन ब्रशचा आणि चार फडक्यांचा. मळणी संपली की ट्रॅक्टरचा फिल्टर झटकला जाईलच. त्याच दिवशी संगणकाचेही खोके अंगणात काढा.